वायर लावायची राहिली

न्यू जर्सी राज्यातील एडिसन हे गाव अमेरिकेतील भारतीयांना परके नाही. दुकानात पोहे-मेतकूट मिळावे आणि संध्याकाळी फिरायला निघाले की एखादे मराठी वाक्य कानावर पडावे, अशी ती वस्ती. सांगलीचे एक निवृत्त गृहस्थ सप्टेंबरअखेर तेथे आपल्या मुलीकडे चार महिन्यांसाठी गेले. साखर कारखान्याच्या लेखा विभागात त्यांची ३४ वर्षे गेली होती. कारखाना सुटला, तरी आकडे टिपून ठेवण्याची सवय काही सुटली नव्हती. प्रवासाच्या सामानात त्यांनी औषधांच्या डबीशेजारी एक कोरी वहीही ठेवली होती.

पहिल्याच रविवारी सारे कुटुंब गाडीने बाहेर पडले आणि वाटेत पेट्रोलपंपावर थांबले. न्यू जर्सीत ग्राहकाने आपल्या हाताने पेट्रोल भरू नये असा कायदा आहे; त्यामुळे आपल्याकडच्यासारखाच पंपावरचा माणूस येऊन पेट्रोल भरतो. तो नळी लावत असताना मागच्या आसनावरून नऊ वर्षांच्या नातीने विचारले, "आई, आपली गाडी विजेवर चालते ना? मग आपण पेट्रोल का भरतो?"

"दोन्हींवर चालते गं," आईने उत्तर दिले.

"पण आपण वीज कधी भरतो?"

या प्रश्नाला गाडीत कोणीच उत्तर दिले नाही. नातीने शाळेत पर्यावरणाच्या तासाला 'आमची गाडी विजेवर चालते' असे उभे राहून सांगितले होते, हे आजोबांना नंतर कळले. तिने खोटे सांगितले नव्हते. घरात जे ऐकले, तेच तिने सांगितले होते. हिशेब चुकला होता तो मोठ्यांचा.

ती गाडी होती टोयोटाची रॅव्ह ४ प्राइम. अशा गाडीला 'प्लग-इन हायब्रिड' म्हणतात. आपल्याकडे हायब्रिड म्हणून ज्या गाड्या अलीकडे रस्त्यावर दिसतात, त्यांतील बहुतेकांना बाहेरून वीज देण्याची सोयच नसते. त्यांची लहानशी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाया जाणाऱ्या गतीवर भरते. म्हणजे त्यांची सारी ऊर्जा अखेर पेट्रोलमधूनच येते. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी बरीच मोठी असते आणि ती घरातील विजेवर भरता येते. रॅव्ह ४ प्राइमची बॅटरी १८.१ किलोवॅट-तासांची म्हणजे सुमारे १८ युनिटची. ती पूर्ण भरली की गाडी विजेवर ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर जाते, असा अमेरिकी सरकारी चाचणीचा आकडा आहे. तेवढे अंतर संपले की गाडी आपोआप साध्या हायब्रिडसारखी चालू लागते आणि एका गॅलनमध्ये ३८ मैल जाते. चालकाला काहीही करावे लागत नाही. कित्येकदा हा बदल झाल्याचे त्याला कळतही नाही.

कल्पना नवी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून अशा गाड्या अनेक वर्षे बनवून पाहिल्या. चीनच्या बीवायडी कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये एफ३डीएम ही गाडी आणली आणि डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली. त्यामागचा विचार सरळ होता. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या २००३ च्या पाहणीनुसार नोकरीवर जाणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोकांचा दिवसाचा प्रवास ४० मैलांच्या आत होता. रोजचे ४० मैल विजेवर आणि वर्षातून चार वेळा घडणारा लांबचा प्रवास पेट्रोलवर, अशी विभागणी केली, तर मोठ्या बॅटरीचा खर्च वाचतो आणि वाटेत वीज संपण्याची धास्तीही राहत नाही.

व्होल्टच्या रचनेत तर एक गमतीदार तरतूद होती. मालक रोज नियमाने वीज भरू लागला, तर इंजिन महिनोन्महिने बंद राहणार आणि टाकीतील पेट्रोल शिळे होणार. म्हणून सहा आठवडे इंजिन चालले नाही, तर ती गाडी ते थोडा वेळ आपणहून चालवत असे. आणि पेट्रोल सरासरी वर्षाचे जुने झाले, तर ते जाळून संपवत असे. पेट्रोल वापरले जाणार नाही, याची काळजी यंत्र बनवणाऱ्यांनी घेतली होती. वीज भरली जाणार नाही, याची काळजी मात्र कोणत्याही यंत्राला घेता येत नाही.

एडिसनच्या घरात नेमके तेच झाले होते. मुलीचे कार्यालय प्रिन्स्टनच्या बाजूला, जाण्यायेण्याचे मिळून ४० मैल. जावई आगगाडीने न्यूयॉर्कला जात. म्हणजे ही गाडी जणू या घरासाठीच बनवलेली. तरीही भिंतीवरच्या खिळ्याला गाडीची वायर गुंडाळून टांगलेली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

"असे का झाले?" हा प्रश्न गृहस्थांनी मुलीला आठवडाभर विचारला नाही. मुलीच्या घरी पाहुणे म्हणून आलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात तपासणी सुरू करू नये, एवढे तारतम्य त्यांच्याकडे होते. एका संध्याकाळी जावयांनीच विषय काढला.

"बाबा, ही गाडी बदलावी असे मनात आहे. घेताना साध्या हायब्रिडपेक्षा जास्त पैसे मोजले. पण विजेचा काही फायदा दिसत नाही. एक तर पूर्ण विजेची घ्यावी, नाहीतर साधी तरी."

"जावईबापू, बदलायची तर अवश्य बदला. पण त्याआधी तुमची हरकत नसेल, तर एक महिना मला तिचा हिशेब ठेवू द्या."

हिशेबाचे पहिले पान गॅरेजमध्येच उघडले. गाडी घेतली, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस वायर रोज लावली जात होती. त्यानंतर दोनदा रात्रीत गॅरेजचा ब्रेकर पडला. दुसऱ्या खेपेस तेथील जादा फ्रीज रात्रभर बंद राहिला आणि आठवड्याची भाजी व दूध वाया गेले. तेव्हापासून 'पुढच्या शनिवारी इलेक्ट्रिशियनला बोलावू' असे ठरले आणि तो शनिवार उजाडलाच नाही. पुढे भारतातून आलेल्या बॅगा, लहानपणीची सायकल, जुना सोफा असे काहीबाही गॅरेजमध्ये येत गेले, गाडी अंगणातच उभी राहू लागली आणि वायर तिच्यापर्यंत पोहोचेना.

ब्रेकर का पडत होता, याचे उत्तर फार अवघड नव्हते. अमेरिकेत घरातील साधी जोडणी १२० व्होल्टची असते आणि तिचा ब्रेकर बहुधा १५ अँपिअरचा. गाडी एकटीच १२ अँपिअर घेते, तेही सलग बारा तास. त्याच जोडणीवरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला, की मर्यादा ओलांडली जाते. दोष गाडीचाही नव्हता आणि वायरीचाही. एका जोडणीवर दोन मोठी गिऱ्हाइके बसवली होती, एवढेच. अशा वेळी काही जण एक्स्टेंशन वायर आणून दुसऱ्या खोलीतून वीज घेतात. ते कधीही करू नये. तासन्‌तास जड भार वाहणारी साधी एक्स्टेंशन वायर तापते आणि आग लागण्याचा धोका असतो. गाडीसाठी स्वतंत्र जोडणी हवी, तिच्यावर दुसरे काहीही नको. एडिसनच्या घरात फ्रीज तळघरात हलवला आणि प्रश्न मिटला. तत्पूर्वी जावयांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीतील सॉकेट तपासून घेतले. गॅरेज रिकामे करायला मात्र तीन रविवार लागले.

आता हिशेबाचे दुसरे पान. त्या घराच्या बिलात वीज एका युनिटला १८ सेंट पडत होती आणि पंपावर पेट्रोल गॅलनला सव्वातीन डॉलर होते. चाचणीच्या आकड्यांनुसार ही गाडी विजेवर १०० मैलांना ३६ युनिट घेते. महिन्यात कामाचे २० दिवस धरले, तर ८०० मैल होतात. हे अंतर विजेवर काटले, तर २८८ युनिट म्हणजे सुमारे ५२ डॉलर. वीज न भरता पेट्रोलवर काटले, तर २१ गॅलन म्हणजे सुमारे ६८ डॉलर. बचत महिन्याला १६-१७ डॉलर. दिवसाला ८३ सेंट!

गृहस्थांनी ही बेरीज तीन वेळा तपासली. त्यांना आकडा मोठा निघेल असे वाटले होते. शेजारी त्यांनी आणखी एक आकडा मांडला. गॅलनला २८ मैल देणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला याच ८०० मैलांना सुमारे ९३ डॉलर लागले असते. म्हणजे ९३ वरून ६८ वर येण्याचा फायदा मालकाला काहीही न करता मिळत होता. आणि ६८ वरून ५२ वर येण्यासाठी रोज रात्री वाकून वायर लावावी लागणार होती. मोठा फायदा बिनकष्टाचा आणि लहान फायदा कष्टाचा असला, की माणूस लहान फायदा सोडून देतो. बँकेत असो, कारखान्यात असो की घरात, हा अनुभव सगळीकडे सारखाच. शिवाय वीज जेथे याहून बरीच महाग आहे, तेथे ही ८३ सेंटची बचतही उरत नाही. उलट विजेचाच खर्च जास्त भरू शकतो.

मग वायर लावायचीच कशासाठी? याचे उत्तर डॉलरच्या रकान्यात नव्हते. ते गॅलनच्या रकान्यात होते. महिन्याला २१ गॅलन म्हणजे जवळजवळ ८० लिटर पेट्रोल. एक गॅलन पेट्रोल जळले, की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने महिन्याला सुमारे १८७ किलो. वीजही धुराविना तयार होत नाही, हे खरे. न्यू जर्सीत ती मुख्यतः नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जा यांपासून येते. पण ते वजा केले, तरी उरणारी रक्कम मोठी आहे. नातीने शाळेत जे सांगितले होते, ते याच रकान्याविषयी होते.

हा प्रकार त्या एका घरापुरता असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. युरोपात लाखो घरांत हेच घडले आहे. नेदरलँड्समध्ये कंपनीची गाडी खासगी कामासाठी वापरणाऱ्या नोकरदाराच्या करपात्र उत्पन्नात गाडीच्या किमतीचा काही टक्के भाग मिळवला जातो. कागदोपत्री अत्यल्प धूर सोडणाऱ्या गाड्यांसाठी हा भाग २०१३ अखेरपर्यंत ० टक्के होता, २०१४ पासून ७ टक्के झाला. साहजिकच तेथे प्लग-इन हायब्रिडवर उड्या पडल्या. पण कंपनीच्या गाडीला पेट्रोलचे कार्ड कंपनीचे असते आणि घरची वीज मात्र अनेकदा स्वतःच्या खिशातून भरावी लागते. ज्याचे पेट्रोल फुकट, तो वायर कशाला लावील? स्वच्छ वाहतुकीवरील आंतरराष्ट्रीय परिषद ही संस्था या विषयाचा अभ्यास करते. तिच्या २०२० च्या अहवालात असे आढळले, की चाचणीत अशा गाड्यांचा ६९ टक्के प्रवास विजेवर होतो असे धरले जात होते. प्रत्यक्षात खासगी मालकांचा सरासरी ३७ टक्के आणि कंपनीच्या गाड्यांचा अवघा २० टक्के होत होता.

पुढे युरोपीय संघाने नव्या गाड्यांमध्ये इंधनाची नोंद ठेवणारे मापक सक्तीचे केले. त्या नोंदींवर आधारलेला युरोपीय आयोगाचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. २०२१ मध्ये नोंदल्या गेलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हा फरक सुमारे २० टक्केच होता. म्हणून २०२५ पासून तेथील चाचणीत विजेवरच्या प्रवासाचे गृहीत प्रमाण कमी करण्यात आले आहे. कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतील अंतर अखेर मापकाने दाखवले. लेखापरीक्षकाची गरज यंत्रालाही असते, ती अशी.

एडिसनमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून वायर रोज लागू लागली. संध्याकाळी सातला लावली, की सकाळी सातला बॅटरी भरलेली. मुलीला गाडीतील फरक जाणवू लागला. सिग्नलला थांबले, की आवाज नाही, कंप नाही. ब्रेकवर पाय ठेवला, की थोडी वीज परत जमा होते, म्हणून ती अलगद ब्रेक लावू लागली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुटीत सारे जण पिट्सबर्गच्या बालाजी मंदिराला जाऊन आले. साडेतीनशे मैलांच्या आसपासचा पल्ला. पहिले काही मैल विजेवर, पुढचे सारे पेट्रोलवर. वाटेत चार्जिंगसाठी रांग लावावी लागली नाही. दोन इंधने बाळगण्याचा खरा लाभ त्या दिवशी कळला.

तोटेही वहीत लिहिले गेले. बॅटरी आणि मोटरही आली, इंजिनही राहिले. म्हणजे गाडीचे वजन वाढले आणि तेल बदलण्याचे काम टळले नाही. डिसेंबरात थंडी पडली, तेव्हा ४२ मैलांचे ३० वर आले. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि गाडी उबदार ठेवण्यातही वीज खर्च होते. घरी परतताना शेवटचे मैल पेट्रोलवर होऊ लागले. मुलीला ते मनाला लागले.

"बाबा, एवढे करूनही इंजिन सुरू होतेच."

"होऊ दे की. ४० पैकी ३० विजेवर गेले, तर पाऊण काम झाले. पाऊण कामाला कोणी नापास करत नाही."

जावयांनी एक गोष्ट शोधून काढली. निघण्यापूर्वी वायर लागलेली असतानाच गाडी आतून गरम करून घ्यायची. म्हणजे ती ऊब बॅटरीऐवजी मुख्यतः घरच्या विजेवर मिळते. त्या युक्तीने दोन-तीन मैल वाचले. गाडी बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पूर्ण विजेची गाडी वाईट आहे, असे कोणी म्हटले नाही. फक्त, हातातील वस्तू तिच्या पद्धतीने वापरून न पाहताच तिला नालायक ठरवू नये, एवढे ठरले. जो माणूस हिची वायर लावत नाही, त्याला साधी हायब्रिडच बरी. उगीच मोठी बॅटरी वाहून नेण्यात अर्थ नाही. आणि ज्याच्या घरी रात्री गाडीजवळ सॉकेट नाही, त्यानेही हिच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड आज केवळ महागड्या गाड्यांत थोड्याफार दिसतात. उद्या त्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या, तर किमतीआधी दोन प्रश्न विचारावे लागतील. आपल्या सोसायटीत आपल्या वाहनतळापर्यंत स्वतंत्र मीटरची वीज येईल का? आणि रोज रात्री वायर लावणारा माणूस घरात आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेता देऊ शकत नाही.

जानेवारीअखेर गृहस्थ सांगलीस परतले. निघताना त्यांनी वही नातीच्या हाती दिली. तिच्यात दोन रकाने आखलेले होते: 'लावली' आणि 'राहिली'. फेब्रुवारीच्या शेवटी फोनवर नातीने हिशेब वाचून दाखवला. महिन्याच्या २० कामाच्या रात्रींपैकी १७ लावली, ३ राहिली. मग तिने जरा आवाज उतरवून विचारले, "आजोबा, त्या तीन खोडून टाकू का? आई म्हणाली, तेव्हा बर्फ पडला होता."

"खोडायच्या नाहीत बाळ," आजोबा म्हणाले. "शेजारी 'बर्फ' असे लिही. राहिलेलीही लिहिली, म्हणजे लावलेल्या खऱ्या ठरतात."